एकाच घरातलं पडसं, मग बारक्यालाच दम का?

रात्री साडेअकरा वाजता आजी लेकराला पदराखाली घेऊन आल्या. मागे सून, आणि सुनेचं बोट धरून चार वर्षांचा थोरला, नाकाखाली वाळलेला शेंबूड आणि डोळ्यांत झोप. बाळ अडीच महिन्यांचं. मी काही विचारायच्या आत आजी म्हणाल्या, "बाई, पडसं आणलं ते ह्या थोरल्यानं. हे तर दोन दिस नाक गाळत अंगणात हुंदडलं. मग ह्या बारक्यालाच का असं व्हायलंय?"

त्या रात्री मी त्यांना उत्तर दिलं नाही, तेवढी उसंत नव्हती. बाळाचं झबलं वर केलं तर प्रत्येक श्वासाला बरगड्यांच्या खाली खड्डा पडत होता, पोट उडत होतं, नाकपुड्या फुगत होत्या. घड्याळ समोर धरून पूर्ण एक मिनिट श्वास मोजले. ६८ भरले. आईने पाजायला घेतलं की दोन घोट ओढायचं, तोंड काढायचं आणि रडायचं, कारण नाक बंद असताना दूध ओढणं आणि श्वास घेणं एकदम जमत नव्हतं. स्टेथोस्कोप लावला तर बारीक शीळ ऐकू येत होती, आणि शिळेच्या मागे कानाजवळ केस चोळल्यासारखी करकर. रक्तातला ऑक्सिजन ८६ टक्के होता.

आजींचा प्रश्न मात्र डोक्यातून गेला नाही. मी बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी लहान मुलांची डॉक्टर आहे, आणि पावसाळा सरता सरता ते थेट संक्रांतीपर्यंत हाच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून मला रोज विचारला जातो. "याची प्रतिकारशक्ती कमी असेल" असं म्हणून आम्ही डॉक्टर लोक वेळ मारून नेतो. घरच्यांना ते पटतं आणि मग मेडिकलमधून शक्तीचं सिरप येतं. हे उत्तर अर्धवट आहे आणि त्याने नुकसान होतं, म्हणून खरं उत्तर सविस्तर लिहिते आहे.

आधी विषाणूची ओळख. या वयात, या प्रकारच्या आजारामागे सगळ्यात जास्त वेळा असतो तो आरएसव्ही, म्हणजे रेस्पिरेटरी सिन्सिशियल व्हायरस. आजाराचं नाव ब्रॉन्किओलायटिस, म्हणजे फुफ्फुसातल्या अगदी बारीक श्वासनळ्यांची सूज. हा विषाणू पहिल्यांदा सापडला १९५६ मध्ये, पडसं झालेल्या चिंपांझींमध्ये. पुढच्याच वर्षी तो आजारी तान्ह्या बाळांमध्ये मिळाला. दोन वर्षांचं होईपर्यंत जवळजवळ प्रत्येक लेकराला तो एकदा तरी गाठतोच. बहुतेकांना नुसतं पडसं होऊन जातं. पण जगभराचा हिशोब मांडला तर एकट्या २०१९ या वर्षात पाच वर्षांखालच्या सुमारे ३६ लाख मुलांना त्याच्यामुळे दवाखान्यात भरती व्हावं लागलं आणि एक लाखाच्या वर मुलं दगावली. त्यातली ९७ टक्के आपल्यासारख्या गरीब किंवा मध्यम उत्पन्नाच्या देशांतली. विषाणू सगळीकडे एकच आहे, मरण मात्र सारखं वाटलेलं नाही, आणि त्याची सगळी कारणं बाळाच्या शरीरात शोधून सापडणार नाहीत.

पहिलं कारण साधं आहे, नळीचं. ठिबक करणाऱ्या शेतकऱ्याला ते मी अर्ध्या मिनिटात समजावते. आपल्या बोअरचं पाणी जड. तोच क्षार मेन लाइनच्या पाइपात बसतो आणि तोच तोटीत बसतो. पाइपाला वर्षभर काही कळत नाही, तोटी पंधरा दिवसांत बंद. श्वासनळीचंही असंच आहे, फक्त हिशोब आपल्या अंदाजापेक्षा कितीतरी कडक आहे. नळीची रुंदी निम्मी झाली तर हवेला होणारा अडथळा दुप्पट होत नाही, सोळापट होतो. ८ मिलिमीटरच्या नळीला आतून सगळ्या बाजूंनी १ मिलिमीटर सूज आली तर ६ मिलिमीटर उरतात, अडथळा साधारण तिप्पट. ४ मिलिमीटरच्या नळीला तेवढीच सूज आली तर उरतात २, आणि अडथळा सोळापट. थोरल्याच्या नळ्या रुंद, बारक्याच्या सुतासारख्या. सूज तेवढीच असली तरी बारक्याचा जीव मेटाकुटीला येतो. वर त्याच्या बरगड्या मऊ, म्हणून जोर लावला की छाती फुगण्याऐवजी आत ओढली जाते. आपल्याकडे याला कुणी "पोट उडतंय" म्हणतं, कुणी "डबा झाला" म्हणतं. शब्द कोणताही असू द्या, दिसतंय ते खरं आहे.

पण नळी बारीक असणं हे झालं अर्धं उत्तर. सूज येते कशाने? विषाणू स्वतः पेशींची नासधूस करतोच. त्याचं नावही त्यावरूनच पडलंय: तो नळीच्या अस्तरातल्या पेशी एकमेकींना चिकटवून त्यांचा एक मोठा गोळा करतो. तरीही नळी बुजते ती बरीचशी बाळाच्या स्वतःच्या प्रतिकारामुळे.

विषाणू नाकातल्या पहिल्या पेशीत शिरला की ती पेशी हाक देते. रात्री वस्तीवर कुणी "साप, साप" म्हणून ओरडलं की आजूबाजूच्या घरांची दारं बंद होतात, कंदील लागतात, तसं. या हाकेचं शास्त्रीय नाव इंटरफेरॉन. ते सोडलं गेलं की शेजारच्या पेशी आपापली दारं लावून घेतात आणि विषाणूला पुढं जायला जागा मिळत नाही. हाक पहिल्या काही तासांत गेली तर गोष्ट नाकातच मिटते. आरएसव्हीची लबाडी इथंच आहे. त्याच्याकडे एनएस-१ आणि एनएस-२ नावाची दोन प्रथिनं आहेत आणि त्यांचं मोठं काम एकच, त्या पहिल्या पेशीचं तोंड दाबून धरायचं. हाक उशिरा जाते, दबक्या आवाजात जाते, आणि तोवर विषाणू नाकातून खाली उतरून त्या सुतासारख्या नळ्यांपर्यंत पोचलेला असतो.

उशिरा कळलं की गर्दी होते. कडब्याच्या गंजीला लागलेली ठिणगी एका घागरीने विझते. तीच गंजी धडधडून पेटली की सगळं गाव धावतं, आणि विझवताना अंगण तुडवलं जातं, शेजारची कूड पडते. बाळाच्या नळ्यांमध्ये धावून येतात त्या बहुतेक न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी. त्या जंतूंना गिळतात, आणि मरताना स्वतःच्या डीएनएचे धागे जाळ्यासारखे बाहेर फेकतात. जंतू अडकावेत म्हणून. मेलेल्या पेशी, हे धागे आणि चिकट शेंबूड यांचा मिळून जो बोळा होतो, तो तोटी बंद करतो. बोळ्याच्या पलीकडे हवा जात नाही, कुठे गेलेली हवा बाहेर येत नाही. मला ऐकू आलेली शीळ आणि करकर ती हीच.

इथवर वाचून वाटेल की बाळाचं शरीर अतिरेक करतं, तर मग त्याला आवरावं. इतकं सोपं नाही. आरएसव्हीने दगावलेल्या काही बाळांची फुफ्फुसं तपासली तेव्हा त्यांत विषाणू ठासून भरलेला होता, आणि विषाणू शिरलेल्या पेशी हेरून मारणाऱ्या टी पेशी मात्र फारच थोड्या. म्हणजे गोंधळ घालणारे आले आणि नेमकं काम करणारे पोचलेच नाहीत. म्हणूनच सूज कमी करणारी स्टिरॉइडं या आजारात देऊन पाहिली तरी बाळांना फायदा झाला नाही. माझ्या समजुतीप्रमाणे "शक्ती कमी की जास्त" हा प्रश्नच चुकीचा आहे. प्रश्न असा विचारावा: प्रतिकार वेळेवर आला का, आणि योग्य माणसं आली का?

मग नेमकं तान्ह्या बाळातच हे का चुकतं? ती काही निसर्गाची हेळसांड नाही. नऊ महिने बाळ आईच्या पोटात असतं आणि त्याचं निम्मं बियाणं बापाचं, म्हणजे आईच्या शरीराला परकं. तिथं दोघांपैकी कुणाचीही प्रतिकारशक्ती तापट असेल तर गर्भ टिकणार नाही. जन्मल्यावर पहिल्या काही दिवसांत बाळाच्या आतड्यात अब्जावधी जिवाणू वस्तीला येतात, आणि त्यांच्याशी वैर न धरता जुळवून घ्यायचं असतं. त्यामुळे बाळाची प्रतिकारव्यवस्था मुद्दाम सबुरीच्या बाजूला झुकलेली असते. विषाणूंवर तुटून पडणाऱ्या टीएच-१ वळणाऐवजी ती टीएच-२ वळणाने जास्त जाते, आणि या दुसऱ्या वळणात शेंबूड जास्त, दम्यासारखी लक्षणं जास्त. ही सबुरी बाळाला जगवते. पहिल्या काही महिन्यांत आरएसव्ही त्याच सबुरीचा फायदा उठवतो.

हे सांगितलं की हमखास एक प्रश्न येतो: मग कोरोनात लेकरं कशी वाचली? २०२०-२१ मध्ये म्हातारी माणसं गेली आणि पोरं दोन दिवस तापून खेळायला लागली, हे आपण सगळ्यांनी पाहिलं. तिथंही कारण वेळेचंच निघालं. मुलांच्या नाकातल्या पेशी मोठ्या माणसांपेक्षा आधीपासूनच जाग्या असतात, इंटरफेरॉनची हाक द्यायला तयार. शाळकरी पोराचं नाक कायम गळत असतं, त्याचा हा फायदा. कोरोनाचा विषाणू त्या जाग्या वस्तीत सापडला. मोठ्यांमध्ये हाक उशिरा गेली आणि मागाहून फुफ्फुसात राडा झाला. विषाणू वेगळा, वय वेगळं, पण उशिराची किंमत दोन्हीकडे सारखीच.

प्रतिकार नुसता "वाढवला" तर काय होतं, याचा फार महागडा धडा वैद्यकाने १९६० च्या दशकात घेतला आहे. अमेरिकेत आरएसव्ही फॉर्मॅलिन नावाच्या रसायनाने मारून त्याची लस केली आणि लहान बाळांना टोचली. अंगात प्रतिपिंडं, म्हणजे जंतूला चिकटून त्याला अडवायची प्रथिनं, तयार झाली, सगळे खूश. पुढच्या हंगामात खरा विषाणू आला तेव्हा लागण झालेल्यांपैकी लस घेतलेली सुमारे ८० टक्के बाळं दवाखान्यात भरती झाली. लस न घेतलेल्यांत हे प्रमाण ५ टक्के होतं. दोन बाळं गेली. ती प्रतिपिंडं विषाणूला चिकटत होती पण त्याला अडवत नव्हती, आणि शरीराला वळण लागलं ते चुकीचं. कुलूप बसवलं पण भलत्याच दाराला. त्यानंतर कित्येक दशकं या लसीला हात लावायला लोक बिचकत होते. कोडं सुटलं २०१३ मध्ये. विषाणूच्या अंगावरचं एफ नावाचं प्रथिन पेशीत घुसण्याआधी एका आकारात असतं आणि घुसल्यावर दुसऱ्या. अडवायचं तर आधीचा आकार ओळखणारी प्रतिपिंडं हवीत. त्या आधीच्या आकाराचा नेमका नकाशा तेव्हा मिळाला. त्यातून २०२३ मध्ये गरोदर बाईला द्यायची लस अमेरिकेत मंजूर झाली, तिथं ती ३२ ते ३६ आठवड्यांच्या दरम्यान देतात. बाळाला थेट तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन द्यायचं निरसेव्हिमॅब नावाचं औषधही त्याच सुमाराला आलं. आपल्या सरकारी लसीकरणाच्या यादीत यातलं काहीही नाही. ज्या बाळांना याची सर्वात जास्त गरज आहे त्यांच्यापर्यंत हे पोचत नाही, याची मला रोज चीड येते.

आईला लस देण्यात जे तर्कशास्त्र आहे, त्याने आजींच्या प्रश्नाचा आणखी एक धागा सुटतो. बाळ स्वतःचं सैन्य उभं करेपर्यंत आईची प्रतिपिंडं त्याच्या अंगात शिदोरीसारखी असतात. वारेतून ती बाळाकडे जातात, आणि सगळ्यात जोरात जातात गरोदरपणाच्या शेवटच्या काही आठवड्यांत. आमचं हे बाळ पाच आठवडे आधी जन्मलेलं. शिदोरी बांधता बांधताच त्याला उठून यावं लागलं. वर फुफ्फुसंही पुरती पिकलेली नव्हती. थोरला भरल्या दिवसांचा. शिवाय थोरल्याची आरएसव्हीशी ही पहिली गाठ नक्कीच नसणार. या विषाणूची प्रतिकारशक्ती आयुष्यभर टिकत नाही, तो पुन्हा पुन्हा होतो, पण दुसऱ्या-तिसऱ्या वेळेला शरीराला वाट माहीत असते आणि आजार नाकावर निभावतो.

आता धूर. चुलीच्या धुराने श्वासनळीतले बारीक केस, जे शेंबूड वर ढकलत असतात, ते मंदावतात. बोळा साफ करणारेच झोपले तर बोळा घट्ट होतो. आपल्या भागात सिलिंडर घरोघर आला, पण भरून आणायला पैसे नसले की आंघोळीचं पाणी आणि भाकरी चुलीवरच. आणि ऊसतोडीला गेलेल्या माणसांची कोपी म्हणजे वर ताडपत्री, आत चूल, थंडीसाठी बंद केलेलं तोंड. हंगामही नेमका तोच, दिवाळीच्या पुढेमागे निघायचं ते उन्हाळ्याच्या तोंडावर परतायचं.

दवाखान्यात आम्ही काय केलं? फार काही नाही, आणि नातेवाइकांना हेच पटत नाही. नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब टाकून नाक मोकळं केलं, ऑक्सिजन लावला, पहिले दोन दिवस आईचं काढलेलं दूध नळीने पोटात दिलं म्हणजे ओढण्यात दम जाऊ नये. बाळाच्या वडिलांनी तीनदा विचारलं, "मॅडम, भारी इंजेक्शन काहून देईना गेलात?" अँटिबायोटिक जिवाणू मारतं, विषाणूवर ते चालत नाही. दुसरा जिवाणूचा संसर्ग दिसला तरच ते द्यायचं. खोकल्याचं सिरप दोन वर्षांखालच्या लेकराला देऊच नये. वाफ देऊ नका, भाजलेली बाळं मी पाहिली आहेत. आणि शक्तीच्या बाटल्यांचं म्हणाल तर, इतकं सगळं वाचल्यावर तुम्हीच ठरवा, प्रतिकार उशिरा येण्याचा प्रश्न गोड सिरपाने कसा सुटेल?

एक गोष्ट आजींना समोर बसवून सांगितली. अंघोळीच्या वेळी बाळाच्या नाकात तेल सोडू नये. तेल फुफ्फुसात उतरतं आणि तिथून निघत नाही, त्यानेही न्यूमोनिया होतो. मालिश खुशाल करा, टाळूला तेल लावा. ओव्याची धुरीही नको. आजी गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "माज्या सासूनं बी असंच केलं होतं." मी पुढं काही बोलले नाही.

घरी काय बघायचं, ते नीट लक्षात ठेवा. बाळ शांत असताना, झोपलेलं असलं तर उत्तम, झबलं वर करून पूर्ण एक मिनिट पोट वर येताना मोजा. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नका, तान्ह्याचा श्वास अडखळत चालतो. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० किंवा जास्त, दोन महिन्यांपासून वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त भरले तर दवाखाना. बरगड्यांखाली खड्डा पडणं, दूध निम्म्यावर येणं, लंगोट बराच वेळ कोरडा राहणं, कण्हणं, ओठ निळसर होणं, बाळ मलूल पडणं, यातलं काहीही दिसलं तर आकड्याची वाट बघू नका, १०८ ला फोन करा. फार लहान किंवा आधी जन्मलेल्या बाळात खोकला नसतोच कधी कधी, मधेच काही सेकंद श्वासच थांबतो. ही सगळ्यात धोक्याची खूण. आणि हा आजार पहिल्या दिवशी शिखरावर नसतो, तिसऱ्या ते पाचव्या दिवशी असतो. "काल दाखवून आलो, डॉक्टर म्हणाले साधं पडसं" म्हणून आज निवांत राहू नका.

थोरल्याला घराबाहेर काढता येत नाही, काढूही नये. पण पडसं आहे तोवर त्याने बारक्याचे मुके घ्यायचे नाहीत, आणि कुणीही बाळाला उचलायच्या आधी साबणाने हात धुवायचे. हा विषाणू हातावरून फार फिरतो. अंगावरचं दूध बंद करू नका, त्यात नाका-घशाच्या अस्तराला राखणारी प्रतिपिंडं असतात. दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिन्यांची न्यूमोकॉकलची लस चुकवू नका. ती आरएसव्हीवर नाही, पण पाठोपाठ येणाऱ्या जिवाणूच्या न्यूमोनियाला अडवते, आणि २०२१ पासून ती देशभर सरकारी दवाखान्यांत फुकट मिळते.

पाचव्या दिवशी बाळ स्वतः ओढून दूध प्यायला लागलं. सुट्टी देताना आईने मोबाइलवर एक मिनिटाचं घड्याळ लावलं, आजींनी हात पोटावर न टेकवता वर धरून मोजलं. "चव्वेचाळीस," दोघी एकदम म्हणाल्या. मग आईने हळूच सांगितलं की ऊसतोडीच्या मुकादमाकडून उचल घेऊन झाली आहे, कोयता दोघांचा लिहिलाय, आठ दिवसांत ट्रॅक्टर येणार. यंदा जाऊ नको, असं मला म्हणायचं होतं. पण ती उचल फेडणार कोण, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. तिने विचारलं, "तिकडं कोपीत चूल कुठं मांडू मग?" मी कागदावर कोपीचं चित्र काढलं. वारा कुठून येतो ते त्यांनी मला सांगितलं आणि आम्ही तिघींनी मिळून चूल दाराबाहेर, वाऱ्याच्या उलट्या अंगाला, झोळीपासून आठ पावलांवर मांडली.